काचेच्या समुद्रातले तांबे



माझ्या नावापुढे आजचा विषय छापलेला पाहून ही छपाईची चूक असावी असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ज्या माणसाचे आयुष्य कारखान्याच्या दरवाजावर सभा घेण्यात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याउतरण्यात गेले, त्याने बोनसवर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे. घरातल्या पेटीतल्या प्रवाळांवर आणि त्यांच्या पाण्यात उतरणाऱ्या धातूंवर त्याने काय बोलावे? चालकांनीही मला हाच प्रश्न केला. मी म्हणालो, या विषयातला मी पंडित नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झालेले. परंतु या एका प्रकरणात मी आरोपी होतो, फिर्यादी होतो आणि काही दिवस न्यायाधीशही होऊन बसलो होतो. ती हकीकत सांगावी आणि तिच्यातून निघालेले शास्त्र आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी ते पाहिले, तेव्हा समुद्र काचेत मावतो याचे मला फार नवल वाटले होते. माझ्या मुलीने नोकरी लागल्यावर घरात दीडशे लिटरांची सागरी पेटी ठेवण्याची परवानगी मागितली, तेव्हा ते नवल पुन्हा जागे झाले. तिच्या पेटीत दोन छोटे मासे, काही शंख, दोन झिंगे आणि पेटीतच वाढवलेले मऊ प्रवाळ होते. आपल्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते खरवडून आणणे गुन्हा आहे. हौस करणाराने ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी.

अशा पेटीतले पाणी समुद्रावरून आणीत नाहीत, ते घरी तयार करतात. नळाचे पाणी आरओ यंत्रातून आणि नंतर रेझिनच्या नळीतून काढून अगदी निर्मळ करावयाचे, त्यात तयार मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या मानाने विरघळवावयाचे, आणि आठवड्याला पेटीतले दहावा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे घालावयाचे. शिवाय पेटीतले पाणी रोज आटते. आमच्याकडे दिवसाला सुमारे दोन लिटर आटे. मीठ आटत नाही, म्हणून ही भर बिनमिठाच्या निर्मळ पाण्याने घालावी लागते. रोज सकाळी ती भर मी घालीत असे.

त्या वर्षी मे महिन्यात पेटीतले शंख काचेवरून गळून तळाशी उताणे पडू लागले. एक झिंगा कात टाकताना मेला, आठ दिवसांनी दुसराही मेला. प्रवाळांनी आपली फुले मिटून घेतली ती उघडलीच नाहीत. मासे मात्र मजेत फिरत होते. मुलीने वाचून काढले, की मासे जगतात आणि बाकीचे मरतात तेव्हा पहिला संशय तांब्याचा घ्यावा.

तांबे म्हटल्याबरोबर घरात सर्वांच्या नजरा एका दिशेला गेल्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दर गुरुवारी देवाची तांब्यापितळेची उपकरणी घासतात, आणि त्याच खोलीत ही पेटी. पावडरीचे हात पेटीत बुचकळले असतील, फडके पिळले असेल, असा तर्क निघाला, आणि तर्काचा निकाल व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मी स्वतः त्यांना विचारले. विचारले म्हणजे काय, सांगितलेच. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, त्या पेटीला मी हात लावत न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्या कामाला आल्या, पण त्या खोलीत पाऊल टाकीनात. केरसुणी उंबऱ्याशी ठेवून परत जाऊ लागल्या.

मंडळी, आमच्या धंद्यात डोमेस्टिक इन्क्वायरी नावाचा एक प्रकार असतो. मालकाने कामगारावर आरोप ठेवावयाचा, मालकानेच नेमलेल्या माणसाने चौकशी करावयाची आणि मग शिक्षा द्यावयाची. पुरावा नसताना उरकलेल्या अशा चौकशा मोडून काढण्यात माझी तीस वर्षे गेली. आणि माझ्या स्वतःच्या घरात, शब्दशः घरगुती अशी ही चौकशी मी पाच मिनिटांत उरकली होती. त्या उंबऱ्यावरच्या केरसुणीने मला झोप येऊ दिली नाही. तेव्हा ठरविले, की पुरावा गोळा करावयाचा.

प्रथम हे पाहू, की तांब्याने शंख का मरतो आणि मासा का जगतो. गंमत अशी, की शंख, खेकडे आणि झिंगे यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते. आपल्या रक्तात जे काम लोखंड करते, ते तेथे तांबे करते. म्हणजे तांबे त्यांना हवेच असते, परंतु अगदी कणभर. खुल्या समुद्राच्या एका लिटरात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सागरी जीवांसाठी दीर्घकाळची मर्यादा लिटरला ३.१ मायक्रोग्रॅम धरली आहे. उलट माशांच्या अंगावरचे परजीवी मारण्यासाठी औषध म्हणून तांबे देतात, ते लिटरला दीडशे ते अडीचशे मायक्रोग्रॅम. मासा ते सोसतो. शंखझिंग्यांना तेच विष होते.

आता आपल्या पिण्याच्या पाण्याचे मानक पाहा. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तांबे लिटरला पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत ग्राह्य आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर दीड हजारांपर्यंत चालते. माणसाच्या प्रकृतीला ते ठीक आहे. म्हणजे आपण ज्या पाण्याला स्वच्छ म्हणतो, ते प्रवाळाला घातक असू शकते. स्वच्छ कोणासाठी, हा प्रश्न पाण्याच्या बाबतीतही विचारावा लागतो.

तांब्याची ही शक्ती दर्यावर्दी लोकांना पूर्वीच ठाऊक होती. १७६१ साली इंग्रजी आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला, तो लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून. पुढे पत्रा खाऱ्या पाण्यात झिजतो अशी तक्रार आली, तेव्हा १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. युक्ती शास्त्राप्रमाणे बरोबर उतरली. जस्त झिजू लागले, तांबे शाबूत राहिले, आणि जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले पुन्हा चिकटू लागले. कारण किड्यांना मारीत होते ते पत्र्यावरचे तांबे नव्हे, पत्र्यातून विरघळून पाण्यात जाणारे तांबे. आमच्या चौकशीला ही गोष्ट फार उपयोगी पडली. पेटीत तांब्याची वस्तू दिसते का, एवढे पाहून भागत नाही. तांबे विरघळून येते कोठून, हे पाहावे लागते.

चौकशीचे पहिले कलम असे, की धातूवर आरोप ठेवण्यापूर्वी इतरांना तपासून मोकळे करावे. उष्णता वाढली, मीठ कमीजास्त झाले किंवा पाण्यात अमोनिया झाला, तरी शंख असेच गळतात. आम्ही तिन्ही तपासले. तिन्ही ठीक होते.

दुसरे कलम, मोजमापाचे. बाजारात मिळणाऱ्या रंगाच्या थेंबांनी तांबे तपासले, तर उत्तर शून्य आले. मुलगी निराश झाली. मी म्हणालो, या काट्यावर माल तोलता येतो, सोने तोलता येत नाही. हे थेंब औषधाचे तांबे मोजण्यासाठी असतात. पन्नासशंभर मायक्रोग्रॅमच्या खाली त्यांना काही दिसत नाही. आरओच्या पाण्यातले क्षार दाखवणारा छोटा मीटरही शून्य दाखवीत होता. तो मिलिग्रॅमचे आकडे दाखवतो. आमचे तांबे त्याच्या शेवटच्या अंकातही बसत नव्हते. तेव्हा यंत्रावरचे शून्य वाचताना ते यंत्र कोठून मोजायला सुरुवात करते, हे आधी विचारावे.

म्हणून पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तेथे पाण्याचा तुषार आर्गॉन वायूच्या, सहा हजार अंशांहून अधिक तापलेल्या ज्योतीत सोडतात. त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते, आणि त्या प्रकाशाच्या तेजावरून त्याचे प्रमाण कळते. या विद्येचा पाया हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी घातला. १८६० साली त्यांनी झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा पाहिल्या आणि त्यावरून सीझियम हे नवे मूलद्रव्य ओळखले.

आमच्या पेटीच्या पाण्यात तांबे निघाले लिटरला अडतीस मायक्रोग्रॅम, आणि जस्त पंच्याऐंशी. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. धातू क्वचितच एकटे फिरतात. त्यांच्या सोबत्यांवरून त्यांचे गाव कळते. नुसते तांबे सापडले तर औषध किंवा तांब्याची नळी आठवावी. लोखंडाबरोबर निकेल आणि क्रोमियम आले तर स्टेनलेसचा स्क्रू किंवा नळीवरचा क्लॅम्प पाहावा, कारण समुद्राचे मीठ स्टेनलेसलाही बारीक भोके पाडते. लोखंड व निकेल असेल तर पंपातला किंवा काच पुसण्याचा लोहचुंबक काढून पाहावा. वरचे प्लॅस्टिक तडकून तो आतून गंजलेला, फुगलेला सापडतो. नुसते जस्त असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप. कथिल निघाले तर काही कडक प्लॅस्टिकांत ते मिसळलेले असते, हे ध्यानात घ्यावे. आणि तांबे व जस्त हातात हात घालून आले तर ते पितळ. खाऱ्या किंवा निर्मळ पाण्यात पितळेतले जस्त आधी सुटते, म्हणून जस्ताचा आकडा मोठा.

पितळ ठरले, तेव्हा घरात पुन्हा देवाची समई आठवली. मी म्हटले, थांबा. अजून तिसरे कलम बाकी आहे, आणि ते म्हणजे वाटेवर चौक्या बसविणे. पाणी पेटीपर्यंत ज्या वाटेने येते, तिच्या प्रत्येक टप्प्यावर नमुना घ्यावयाचा. प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटल्या घेतल्या, प्रत्येक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली आणि चार नमुने भरले. पहिला, बाजारच्या निर्मळ पाण्यात विरघळवलेल्या मिठाचा. दुसरा, रेझिनच्या नळीतून बाहेर पडताच घेतलेला. तिसरा, सकाळी उघडलेल्या तोंडाच्या कॉकमधले पहिले लिटर. चौथा, तोच कॉक दहा मिनिटे वाहू दिल्यानंतरचा.

पहिल्या दोहोंत तांबे सापडले नाही. सकाळच्या पहिल्या लिटरात ते चौसष्ट मायक्रोग्रॅम होते आणि जस्त दीडशे. दहा मिनिटांनंतर तांबे सहावर आले.

तो कॉक पितळी होता. फेब्रुवारीत प्लॅस्टिकचा कॉक गळू लागला तेव्हा, “हे प्लॅस्टिक काय टिकते?” असे म्हणून, पेटाऱ्यातला जुना पितळी कॉक आणि दोन पितळी निपल मोठ्या अभिमानाने बसवणारा माणूस आपल्यासमोर उभा आहे.

येथे एक शास्त्रीय गोष्ट सांगितली पाहिजे. नळाच्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. पाइपाच्या आत त्याचा पातळ थर बसतो आणि धातू झाकला जातो. यंत्रातून काढलेल्या निर्मळ पाण्यात तो चुना नसतो, ते पाणी भुकेले असते. रात्रभर ते पितळेत उभे राहिले, की पितळेचा अंश उचलते. ज्या कॉकने नळावर वर्षानुवर्षे इमानाने काम केले, तोच निर्मळ पाण्याच्या वाटेवर बसवला, की विष पाझरतो. कॉक वाईट नव्हता, त्याची जागा चुकली होती.

आणि ते विष पेटीत साचत का गेले? भाईंदर-वसईची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे उमगेल. ऊन पाणी नेते, मीठ मागे ठेवते. आमची पेटी हे तांब्याचे एक छोटे मिठागरच झाले होते. रोज दोन लिटर पाणी वाफ होऊन जाई, त्याचे तांबे मागे राही, आणि दुसऱ्या सकाळी मी नवे तांबे घाली.

आपण सर्वांनी शाळेत हौदाचे आणि तोट्यांचे गणित केलेले आहे. तेच येथे करू. आमच्या हिशेबाने दर आठवड्याला पेटीच्या लिटरमागे सुमारे साडेचार मायक्रोग्रॅम तांबे आत येत होते, आणि आम्ही दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलीत होतो. मग पातळी कोठपर्यंत चढेल? काढलेल्या दहाव्या हिश्शात साडेचार मायक्रोग्रॅम जाईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीसपर्यंत. दर आठवड्याच्या भरतीच्या दहापट! चार महिन्यांत आम्ही अडतीसवर पोचलो होतो. उगम चालू ठेवून पाणी दुपटीने बदलले असते, तरी पातळी बावीसवर येऊन थांबली असती, आणि बावीसही शंखांना जडच. पाणी बदलत राहणे म्हणजे उपाय चालू आहे असे समाधान. उगम बंद करणे हा उपाय.

म्हणून निवारणाचा क्रम असा. पहिल्या दिवशी कॉक आणि निपल काढून प्लॅस्टिकचे बसवले. त्यानंतर चार आठवडे, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले; मीठ आणि उष्णता पेटीशी जुळवूनच, कारण एकदम बदल केला तर जे जगले आहेत तेही मरतील. गणिताने अडतीसाचे बारा व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात सतरा निघाले. पेटीतल्या चुनखडी दगडांनी आणि वाळूने तांबे शोषून ठेवले होते, ते आता हळूहळू परत देऊ लागले. मग तांबे धरून ठेवणारे रेझिन आणि सक्रिय कोळसा पाण्याच्या प्रवाहात ठेवला, ठरावीक दिवसांनी बदलला. दोन महिन्यांनी आकडा चारच्या खाली आला. बाजारात तांब्याला ‘बांधून’ टाकणारी औषधेही मिळतात. परंतु बांधलेले तांबे पेटीतच राहते, ते बाहेर जात नाही, हे विसरू नये. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी मुलीने हाक मारली, “बाबा, इकडे या.” प्रवाळाच्या एका फांदीवर फुले उघडली होती.

त्या सकाळपर्यंत मी थांबलो नव्हतो, एवढे माझ्या बाजूने सांगतो. प्रयोगशाळेचा कागद आला त्याच दिवशी मी तो कॉक हातात घेऊन मावशींसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “चूक माझी होती. तुमच्यावर आळ घेतला, तो मी मागे घेतो.” त्यांनी कॉक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “मला तर ठावं होतं, भाऊ. तुम्हाला कागद लागला.” या वाक्याला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. चार जणांच्या देखत आरोप करायला मला कागद लागला नव्हता. तो मागे घ्यायला मात्र लागला.

बंधुभगिनींनो, पेटीची गोष्ट लहान आहे. जिची गोष्ट मोठी आहे, अशा एका खाडीचे नाव घेऊन मी संपवितो. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ च्या मे महिन्यात एका विलक्षण आजाराची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हातपाय वळत, वाचा जाई, कित्येक मरत. रोग सांसर्गिक आहे म्हणून लोकांनी रोग्यांच्या घरांवरच बहिष्कार टाकला; ती घरे बहुतेक गरीब कोळ्यांची होती. आजाराचे कारण होते चिसो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात जाणारा पारा, मासळीतून माणसांत उतरलेला. १९५८ साली कंपनीने सांडपाण्याचे तोंड बंदरातून काढून नदीच्या मुखाकडे वळवले. उगम चालू, फक्त वाट बदललेली. मग त्या बाजूलाही रोगी निघाले. पारा सोडणे थांबले ते १९६८ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथल्या कामगारांच्या एका युनियनने ठराव केला, की या आजाराविरुद्ध आजवर आपण लढलो नाही, याची आपल्याला लाज वाटते. युनियनचे ठराव मी पुष्कळ लिहिले आहेत. मागण्यांचे, निषेधाचे, अभिनंदनाचे. लाजेचा ठराव मी एकही लिहिलेला नाही. तो लिहिण्याला धैर्य लागते.

माझी पेटी आणि मिनामाता यांची तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. परंतु रीत दोन्हीकडे एकच दिसते. पाण्यात विष उतरले, की आधी सर्वांत दुबळ्या माणसाकडे बोट जाते, मग पाणी ढवळण्याचे, वळवण्याचे आणि पातळ करण्याचे उपाय होतात, आणि उगमाकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. कारण उगमाशी बहुधा आपणच बसवलेला एखादा कॉक असतो. आपल्या गावच्या विहिरीत, नदीत किंवा कारखान्याच्या नाल्यात काही उतरले असे उद्या कानावर आले, तर कोणाचे नाव घेण्यापूर्वी वाटेवर चार बाटल्या भरून घ्या. आणि पहिली बाटली स्वतःच्या नळाखाली धरा.

तो पितळी कॉक मी टाकून दिलेला नाही. युनियनच्या कचेरीत माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून तो ठेवला आहे, आणि आरोपपत्रांची फाइल त्याच्याच खाली असते.